‘मी खडाच असले तर?’ : देवाची निवड आणि कृपा, नवीन माणसानं सुरुवात कुठून करायची

सासूबाई आजऱ्याचा घनसाळ तांदूळ ताटात पसरून निवडत बसल्या होत्या. रविवारची दुपार, उपासना आटपून आम्ही नुकतेच घरी आलो होतो, आणि मान वर न करताच त्या म्हणाल्या, "देव माणसं निवडतो म्हणतात, मग मी खडाच असले तर गं?"

त्या दिवशी प्रवचन होतं ‘बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडके’ यावर, आणि ते जरा कडकच झालं होतं. मी तेव्हा या विषयावर नवीनच वाचायला लागलेले, डोक्यात सगळं ताजं, मग काय, ऑगस्टीनपासून कॅल्विनपर्यंतच्या ख्रिस्ती विचारवंतांचं सगळं त्यांच्यापुढं ओतलं, चांगलं अर्धा तास. त्या नुसत्या ‘बरं’ म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. रात्री नीट जेवल्यापण नाहीत. ती चूक मनातून अजून जात नाही माझ्या. आता आमच्या घरी दर बुधवारी बायबल अभ्यासाला नवीन लोक येतात, कुणी कॉलेजचं पोरगं, कुणी लग्न होऊन मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायात) आलेली सून, कुणी शेजारचं, सहज उत्सुकता म्हणून, आणि त्यातलं कुणी ना कुणी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतंच. म्हणून एकदा नीट लिहून काढते की हा विषय धरायचा कुठून, आधी काय वाचायचं आणि कुठं थांबायचं. मराठी बायबल, वही-पेन आणि चार-पाच आठवडे, एवढंच लागतं.

पायरी १ : आधी शब्द धुऊन घ्या

मराठीत निवडणं म्हटलं की मेथी निवडणं, तांदूळ निवडणं. चांगलं ठेवायचं, किडकं टाकायचं. तालमीत वस्ताद पोरगं निवडतो ते त्याचा खांदा-मांडी बघून, पेठेच्या फुटबॉल टीममध्ये निवड होते ती खेळ बघून, कारखान्यावर संचालकाची बिनविरोध निवड होते तीपण त्याचं वजन बघूनच. निवड म्हणजे लायकी बघणं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बायबलमध्ये तो शब्द आला तरी आपण हाच अर्थ आत भरतो, आणि मग एकतर घाबरतो नाहीतर फुगतो.

आता बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा ७वा अध्याय काढा, वचनं ६ ते ८. मोशे इस्राएल लोकांना सांगतोय की देवानं तुम्हाला निवडलं ते तुम्ही संख्येनं जास्त होता म्हणून नाही, तुम्ही तर सगळ्या राष्ट्रांत थोडके होता, त्यानं निवडलं कारण त्याचं तुमच्यावर प्रेम होतं आणि तुमच्या पूर्वजांना त्यानं शब्द दिला होता. झालं, एवढंच कारण. ‘प्रेम का केलं’ याला पुढं उत्तरच नाही, ‘प्रेम केलं कारण प्रेम केलं’ इथंच गाडी थांबते. हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढं चारवेळा लागणार आहे.

दुसरा शब्द कृपा. हा आपल्याकडं रिक्षाच्या मागं असतो, लग्नपत्रिकेवर असतो, पेढ्याच्या बॉक्सबरोबर तोंडात येतो, म्हणजे काहीतरी चांगलं घडलं की मागं वळून म्हणायचा शब्द. नव्या करारात मूळ ग्रीक शब्द आहे ‘खारिस’, त्यात मर्जी, देणगी असा अर्थ आहे, आणि पौल, म्हणजे नव्या करारातली पुष्कळ पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित, तो मजुरीच्या समोर ठेवतो. रोमकरांस पत्र ४:४ (४था अध्याय, ४थं वचन), काम केलेल्याला जे मिळतं ते देणं असतं, कृपा नसते. आपल्याला उपकार समजतो, पण उपकार फेडावा लागतो, नाही फेडला तर माणूस आयुष्यभर मान खाली घालून चालतो. कृपा फेडता येत नाही आणि देणारा फेड म्हणून मागतही नाही. घरातल्या थोरल्यांना हे सगळ्यात जड जातं असं मी बघितलंय, कारण त्यांनी जन्मभर कुणाचं काही ठेवून घेतलेलं नसतं.

तिसरं, हे नशीब नाही. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते आणि मग ते पुसत नाही, ही कल्पना आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे, ख्रिस्ती घरात वाढलो तरी आहे. ललाटलेखात लिहिणारीला तुमच्याशी काही नातं नसतं, लिहून झालं की ती गेली. बायबलमध्ये निवडणारा शेवटपर्यंत बरोबर चालतो, रागावतो, शोधायला निघतो, रडतोसुद्धा. हा फरक कळला नाही तर पुढचं सगळं चुकीचं कळणार.

पायरी २ : रोमकरांस ९ पासून सुरुवात करू नका

नवीन माणूस मोबाईलवर शोधतो आणि डायरेक्ट रोमकरांस पत्राच्या ९व्या अध्यायात जाऊन पडतो, याकोब आणि एसाव या जुळ्या भावांपैकी याकोबावर प्रेम, एसावाचा द्वेष, कुंभार आणि माती, आणि घाबरून बायबल मिटतो. तसं करू नका. माझा क्रम असा आहे.

पहिल्या आठवड्यात अनुवाद ७ झालं की उत्पत्ती १२, पहिली तीन वचनं. अब्राहामाला बोलावलं, आशीर्वाद दिला, आणि त्याच दमात सांगितलं की तुझ्यामुळं पृथ्वीवरल्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल. म्हणजे एकाला निवडलं ते बाकीच्यांना टाकण्यासाठी नाही, बाकीच्यांपर्यंत पोचण्यासाठी. निवड ही कामगिरी आहे, पदक नाही.

दुसऱ्या आठवड्यात मत्तय २०, द्राक्षमळ्याचे मजूर. ही गोष्ट कळायला कोल्हापूरकराला कुठलंही पुस्तक लागत नाही, सकाळी मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभी असलेली माणसं बघा. धडधाकट पोरं सातलाच उचलली जातात. अकराला कोण उरतं? म्हातारा, पाय अधू असलेला, कडेवर पोर असलेली बाई. गोष्टीतला मालक संध्याकाळी पाचच्या सुमाराला परत जातो आणि विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, कुणी कामावर लावलंच नाही आम्हाला. त्यांनापण तो पूर्ण रोज देतो. सकाळपासून राबलेले चिडतात, आणि आपण वाचताना नेहमी त्यांच्याच बाजूनं चिडतो, कारण आपण स्वतःला सकाळी सातचे मजूर समजत असतो. पाच वाजता उभ्या असलेल्या बाईच्या जागेवर बसून ही गोष्ट परत वाचा.

तिसऱ्या आठवड्यात इफिसकरांस पत्र, १ला आणि २रा अध्याय एका बैठकीत. जग स्थापण्याआधी आपल्याला ख्रिस्तामध्ये निवडलं असं १:४ मध्ये आहे, आणि २:८-९ मध्ये की तारण (म्हणजे पापातून सुटका) कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, हे तुमच्या हातून झालं नाही, देवाचं दान आहे, कुणी आढ्यता बाळगू नये. इथं एक काम करा, पहिल्या अध्यायात ‘ख्रिस्तामध्ये’, ‘त्याच्यामध्ये’ असं जिथं जिथं येतं तिथं पेन्सिलनं रेघ मारा. पान भरून जाईल. पौल निवडीची वेगळी यादी दाखवत नाहीये, एका माणसाकडं बोट दाखवतोय. आणि हे सगळं वाद म्हणून लिहिलेलं नाही, स्तुती म्हणून लिहिलंय, मूळ ग्रीकमध्ये ३ ते १४ ही वचनं एकच लांबलचक वाक्य आहे, माणूस आनंदानं बोलत सुटला की थांबत नाही तसं.

याच आठवड्यात जमलं तर १ पेत्र २:९-१० पण वाचा. ‘तुम्ही निवडलेला वंश आहात, पूर्वी तुम्ही लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात.’ आमच्या घरात हे वचन वेगळ्याच आवाजात वाचलं जातं. माझ्या पणजोबांचं घर गावकुसाबाहेर होतं, त्यांची सावली चालत नव्हती, आणि त्या माणसाला कुणीतरी मराठीत वाचून दाखवलं की तू निवडलेला. आजच्या सुखवस्तू माणसाला निवड हा शब्द घमेंडीचा वाटतो, ते बरोबरही असेल, पण जो कधीच कुठं निवडला गेला नाही त्याच्या कानाला तो कसा लागतो ते आधी ऐकून घ्या आणि मग ठरवा.

पायरी ३ : आता ९, १० आणि ११, तिन्ही एकत्र

चौथ्या आठवड्यात रोमकरांस ८ वाचून लगेच पुढचे तीन अध्याय सलग, मध्ये चहालापण न उठता. तुकडे केले की घोटाळा होतो.

९वा अध्याय सुरू होतो पौलाच्या दुःखानं. माझे भाऊबंद ख्रिस्ताकडं येत नाहीत, त्यांच्यासाठी मी स्वतः शापित झालो तरी चालेल, असं तो म्हणतोय. म्हणजे हा प्रश्न त्यानं खुर्चीत रेलून विचारलेला नाही. त्याला छळणारा प्रश्न असा, की देवानं इस्राएलाला निवडलं, मग त्याचा शब्द फुकट गेला का? याकोब-एसाव, मिसरचा राजा फारो, कुंभार हे सगळं त्या प्रश्नाच्या उत्तरात येतं.

कुंभाराच्या वचनाला लोक सगळ्यात जास्त बिचकतात. माती कुंभाराला विचारते का, मला असं का केलंस? हे वाचून झाल्यावर यिर्मया १८ उघडा, मातीचं हे चित्र पौलाच्या आधीपासून संदेष्ट्यांच्या बोलण्यात आहे. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो, चाकावरचं भांडं बिघडतं, आणि कुंभार काय करतो, तर त्याच मातीचं दुसरं भांडं करतो. गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून चालत जा, ओल्या मातीचा हात चुकला तर कारागीर ती माती गटारात फेकत नाही, परत मळतो. पौलाचं वचन याच्यानं एकदम सोपं होतं असं मी म्हणणार नाही. ते कठीण आहे आणि कठीणच राहू दे. पण कुंभार म्हणजे भांडी फोडत सुटलेला माणूस असं चित्र डोक्यात असेल तर ते तेवढं पुसा.

१०व्या अध्यायात तोच पौल म्हणतो, जो कोणी प्रभूचं नाव घेईल त्याचं तारण होईल, आणि सांगणारा नसेल तर ते ऐकणार कसे? निवडीच्या अध्यायाला लागूनच हे आलंय. ‘देवानं आधीच ठरवलंय तर मी कशाला काय करू’ या प्रश्नाला पौल असं उत्तर देतो, की जा आणि सांग.

आणि ११व्यात जैतुनाच्या झाडाचं कलम. हे आपल्या लोकांना शहरातल्या लोकांपेक्षा चांगलं कळतं. आपण आंब्याचं कलम कसं करतो, खाली रायवळचं रोप आणि वर हापूसची काडी, म्हणजे चांगली फांदी रानटी मुळावर. पौल नेमकं उलटं सांगतो, रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर लावली, आणि २४व्या वचनात स्वतःच कबूल करतो की हे निसर्गाच्या उलट आहे. रायवळची काडी हापूसवर कोण लावेल, कुठला शेतकरी लावेल? कृपा म्हणजे काय ते मला पहिल्यांदा नीट कळलं ते या वचनानं, आणि तेसुद्धा राधानगरीकडच्या माझ्या मामांनी हसत हसत ‘असलं कलम करणारा माणूस एकतर अडाणी नाहीतर लई प्रेमाचा’ असं म्हटल्यावर. त्या फांदीला पौल लगेच बजावतो, फुगू नको, तू मुळाला उचलून धरलेलं नाहीस, मूळ तुला धरून आहे.

पायरी ४ : भांडण कुठून आलं ते थोडक्यात

हे आता वाचायला हरकत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा धर्मशिक्षक म्हणाला, देवानं आज्ञा दिली म्हणजे माणसाला ती पाळता येते, मनावर घ्या. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) स्वतःच्या आयुष्यावरून ओळखून होता की मनावर घेणंच जमत नाही, मनच धरलेलं आहे, आधी कृपेनं ते सोडवावं लागतं. ४१८ साली कार्थेजच्या सभेनं पेलागियसची शिकवण नाकारली. ५२९ साली आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंज गावच्या सभेनं सांगितलं की सुरुवात कृपेचीच, पण देव कुणाला वाईटासाठी नेमतो हे मात्र त्यांनी कडक शब्दांत फेटाळलं. ही दुसरी अर्धी गोष्ट प्रवचनात कुणी सांगत नाही.

मग १५२४-२५ ला विद्वान इरॅस्मस आणि जर्मन धर्मसुधारक ल्यूथर, माणसाची इच्छा मोकळी आहे की नाही यावरून भिडले. कुणाला तारायचं ते देव आधीच ठरवतो असं शिकवणारा जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्विन, त्याचं नाव या विषयाला कायमचं चिकटलं, पण एक गंमत बघा, त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत निवडीचे अध्याय तिसऱ्या भागात येतात, विश्वास, पश्चात्ताप आणि प्रार्थनेच्या लांब अध्यायाच्या नंतर. म्हणजे आधी प्रार्थना करायला शीक, मग हे वाच. आपला क्रमही तोच आहे.

हॉलंडमध्ये अर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच मुद्दे मांडले, की देव विश्वास ठेवणाऱ्यांना निवडतो, ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला, कृपा नाकारता येते वगैरे. तिथल्याच डॉर्टच्या सभेनं १६१८-१९ मध्ये ते नाकारून निवड बिनशर्त आहे असं ठरवलं. पुढं इंग्लंडात जॉन वेस्ली म्हणाला, आधी कृपा येते हे खरं, पण ती सगळ्यांकडं येते आणि माणसाला ‘हो’ म्हणण्याइतकं मोकळं करते. त्याचा दोस्त जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्विनच्या बाजूचा, दोघांचं चांगलं जोरात वाजलं, तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनंच केलं. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या स्विस धर्मपंडितानं सगळा प्रश्नच फिरवला, म्हणाला निवडणारा देव ख्रिस्तात दिसतो आणि निवडलेला माणूसही ख्रिस्तच, आणि नकाराचा भाग त्यानं वधस्तंभावर स्वतःवर घेतला. मला स्वतःला बार्थ सगळ्यात जवळचा वाटतो, पण आमच्या बुधवारच्या ग्रुपमध्ये दोघं पक्के कॅल्विनवाले आहेत आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलेय.

आणि हा प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेत दोन पक्ष आहेत, एक म्हणतो माकडाच्या पिल्लासारखं आईला घट्ट धरायला पाहिजे, दुसरा म्हणतो मांजरीच्या पिल्लासारखं, आईच तोंडात धरून नेते. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्यांना तुमचा अर्धा विषय तिथंच कळतो.

कोल्हापूरचं म्हणाल तर इथं १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले, त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आजही आहे. पुढं इथलं मिशनकाम प्रेस्बिटेरियन लोकांनी चालवलं, म्हणजे कॅल्विनच्या घरातले, १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रावर वाढलेले. म्हणून आपल्या जुन्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘नेमलेलं’, ‘योजलेलं’ असे शब्द येतात. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरेचे, अँग्लिकन, बाप्तिस्त, ब्रदरन, डिसायपल्स आणि वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्ट असे सगळे एका छताखाली आले. त्यामुळं एकाच मंडळीत दोन वडील दोन वेगळी उत्तरं देतील. गोंधळू नका, दोघांचंही ऐका. आणि निवड मानली की माणूस हातावर हात ठेवून बसतो असं कुणी म्हणालं तर विल्यम केरीचं नाव सांगा, निवड मानणारा बाप्तिस्त, त्याच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला.

पायरी ५ : ‘मग मी आहे का त्यात?’

हा प्रश्न आला की वरचं सगळं बाजूला ठेवायचं. माझी चूक इथंच झाली होती.

त्या रविवारनंतर दोन-तीन दिवसांनी आमचे म्हातारे निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सहज घरी आले. सासूबाईंनी त्यांनापण विचारलं, खडा असले तर. ते काही बोलले नाहीत, चहा घेतला, मग म्हणाले, "आई, येशूकडं यावंसं वाटतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "वाटतं की. रोज वाटतं." त्यांनी योहान ६:३७ काढून त्यांच्याकडूनच वाचून घेतलं. पिता जे जे मला देतो ते ते माझ्याकडं येईल, आणि जो माझ्याकडं येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. मग म्हणाले, यातला पहिला अर्धा भाग देवाचं काम, ते त्याच्यावर सोडा, तुम्ही दुसऱ्या अर्ध्या भागावर झोपा. सासूबाईंनी ते वचन नातवाकडून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.

कॅल्विनसुद्धा हेच सांगतो बरं का, की निवड बघायचा आरसा ख्रिस्त आहे, स्वतःच्या मनात किंवा देवाच्या गुप्त ठरावात डोकावून बघाल तर चक्रव्यूहात अडकाल. म्हणून या पायरीवर वहीत फक्त तीन वचनं लिहा, योहान ६:३७, योहान १५:१६ आणि फिलिप्पै १:६. कुणी फार घाबरलेलं असेल, झोप उडाली असेल, सारखं सारखं तेच विचारत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका, बरोबर बसा, जेवायला घाला, आणि गरज वाटली तर डॉक्टरकडंपण न्या. प्रत्येक भीती ही धर्माची भीती नसते.

पायरी ६ : बाकीच्यांचं काय

मिश्र घरं आहेत आपल्याकडं. आई ख्रिस्ती, मामा वारकरी, जावई जैन. त्यामुळं हा प्रश्न येणारच आणि तो दुखावणारा आहे. मंडळ्यांची उत्तरं यावर वेगवेगळी आहेत. १ तीमथ्य २:४ मध्ये देवाची इच्छा अशी सांगितलीय की सगळ्यांचं तारण व्हावं, मत्तय २२:१४ मध्ये निवडलेले थोडके आहेत, दोन्ही बायबलमध्येच आहेत आणि एकाला झाकून दुसरं दाखवू नये. मी नवीन लोकांना लूक १३:२३ कडं नेते. तिथं एकजण येशूला सरळ विचारतो, प्रभू, तारण होणारे थोडकेच आहेत का? येशू आकडा सांगत नाही. अरुंद दारानं आत जायचा नेटानं यत्न करा, असं तिथल्या सगळ्यांनाच म्हणतो, आणि पुढं सांगतो की पूर्व-पश्चिमेकडून, उत्तर-दक्षिणेकडून लोक येऊन पंगतीला बसतील. मामाचं नाव यादीत आहे की नाही हे सांगायचं काम आपल्याकडं दिलेलंच नाही, तेव्हा ते कुणी करू नये, मंडळीत तर नाहीच नाही. मामासाठी प्रार्थना करता येते, त्यांच्या आजारपणात दवाखान्यात डबा नेता येतो, त्यांनी विचारलं तर आपला विश्वास सांगता येतो.

पाचव्या आठवड्याला नवीन काही वाचू नका. रोमकरांस ११ ची ३३ ते ३६ वचनं मोठ्यानं वाचा, एकट्यानं नाही, घरात जे असतील त्यांच्याबरोबर. तीन अध्याय झगडून झाल्यावर पौलाच्या हातात उत्तराऐवजी गाणं उरतं, ते कसं वाटतं ते बघा. आणि मग सुरुवातीच्या पानावर अनुवाद ७ मधून जे लिहिलं होतं ते परत काढा, त्याच्याखाली आता तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा. जे अडलं असेल ते वेगळ्या पानावर. बुधवारी संध्याकाळी सातला ते पान घेऊन या, आम्ही तिथूनच सुरू करतो.